बागखात्यातलं करिअर आणि बाग स्पर्धेचं जजिंग: हॉर्टीच्या एका विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आलाय: बी.एस्सी. हॉर्टीच्या (हॉर्टिकल्चर, म्हणजे उद्यानविद्या) शेवटच्या वर्षाला आहे, गाव कागलजवळ, घरचे म्हणतायत बँकेच्या परीक्षा दे, पण मला सार्वजनिक बागांमध्येच काम करायचंय, तर महापालिका-नगरपालिकेच्या उद्यान विभागात करिअर होतं का, आणि पुष्पप्रदर्शनात, बाग स्पर्धेत जे जज येतात ते कसे होतात आणि नेमकं बघतात काय.

माझी सगळी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांच्या बागखात्यात झाली, आता रिटायर होऊन कोल्हापुरात आहे आणि हिवाळा आला की कुठे ना कुठे जजिंगला जाते, म्हणून जरा लांबलचक लिहिते, सवडीनं वाच. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच येणार आहे. बाग आज कशी दिसते हे कुणालाही दिसतं, वर्षभर तिच्याकडे कोण आणि कसं बघतंय हे ओळखता आलं पाहिजे. ही नजर बागखात्यात रोजच्या राउंडला तयार होते आणि जजिंगला तीच लागते, दुसरी कुठली नाही. म्हणून तुझे दोन प्रश्न माझ्या लेखी एकच आहेत.

आधी नोकरीचं बोलू, ते पटकन होण्यासारखं आहे. महापालिकेत उद्यान अधीक्षक, सहायक उद्यान अधीक्षक, उद्यान निरीक्षक अशी पदं असतात, मोठ्या शहरात जास्त, छोट्या नगरपालिकेत एखादंच आणि तेही कधी कधी बांधकामच्या माणसाकडे अ‍ॅडिशनल चार्ज म्हणून. सरळसेवा भरतीला साधारण हॉर्टिकल्चर, अ‍ॅग्री किंवा बॉटनीची डिग्री मागतात. जाहिराती दरवर्षी निघत नाहीत हे खरं, त्यामुळे घरच्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. पण पर्याय फक्त महापालिकाच आहे असं धरून बसू नकोस. सार्वजनिक बांधकाम खात्याची उद्यानांची स्वतःची शाखा आहे, विद्यापीठांचे कॅम्पस आहेत, आपल्याकडचे साखर कारखाने स्वतःच्या बागा सांभाळतात, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत कंपन्यांना गार्डन सुपरवायझर लागतात. तिथे दोन-तीन वर्षं काढली तरी ती वाया जात नाहीत, उलट सरकारी नोकरीत गेल्यावर ज्या गोष्टी कुणी शिकवत नाही त्या तिथे शिकून होतात.

आणि हे आधीच समजून घे की आता बऱ्याच ठिकाणी बागांचा मेंटेनन्स ठेकेदाराकडे असतो, त्यामुळे अधिकाऱ्याचं अर्धं काम टेंडरच्या कागदावर होतं. टेंडरमध्ये काय लिहितोस त्यावर बाग ठरते. "रोज पाणी घालणे" असं लिहिलं की ठेकेदाराचा माणूस रोज पाइप फिरवतो, वरची इंचभर माती ओली करतो, बिल निघतं आणि मे महिन्यात झाडं माना टाकतात. त्याऐवजी पाणी घातल्यावर माती वीतभर खोल ओली लागली पाहिजे असं लिहायचं, आणि चेक करायला स्वतः खुरपं घेऊन जायचं. लॉनचंही तसंच, महिन्यातून किती वेळा कापायचं हे लिहू नकोस, उंची किती ठेवायची ते लिही आणि एका कापणीत पात्याचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग काढायचा नाही ही अट टाक, कारण वाढू देऊन एकदम खरडून काढलेलं लॉन पिवळं पडतं आणि त्या फटीत नागरमोथा घुसतो, एकदा का तो घुसला की खाली गाठींची साखळी लागते आणि वरून उपटून काही उपयोग होत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं ऑफिसात कमी आणि मुकादमाबरोबर जास्त राहा असं मी प्रत्येक नव्या पोराला सांगते. डिग्रीवाल्याला रोगाचं लॅटिन नाव माहीत असतं, मुकादमाला कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं ते माहीत असतं, आणि बागेला दुसरं आधी लागतं. एक उदाहरण देते. एका बागेत गणपतीच्या सुमारास लॉनवर पिवळे चट्टे पडायला लागले, सगळे म्हणायला लागले युरिया कमी पडला, पावसात नत्र वाहून गेलं. माळीबाई काही न बोलता खाली बसल्या आणि चट्ट्याच्या कडेचं गवत दोन हातांनी धरून उचललं, तर ते वळकटीसारखं गुंडाळत वर आलं, खाली मुळंच नव्हती, आणि मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या. हुमणी. आपल्या ऊसपट्ट्यात हुमणी कुणाला नवीन नाही, पण शहरातल्या लॉनमध्ये ती असेल हे पुस्तक वाचून आलेल्याच्या डोक्यात येत नाही. माळीबाईंच्या आलं, कारण वळवाचा पाऊस झाल्यावर संध्याकाळी त्याच बागेतल्या कडुनिंबावर भुंगेरे, म्हणजे या अळीचेच मोठे झालेले किडे, बसलेले त्यांनी मे महिन्यातच बघितले होते. पुढच्या वर्षी आम्ही वळीव झाला की अंधार पडताना कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायला लागलो, रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. औषधाचा खर्च वाचला, आणि बागेत लहान मुलं गवतावर लोळतात तिथे विषारी औषध मारायची वेळ आली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कोल्हापूरचं हवामान बागेला चांगलं आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, पण त्याचे स्वतःचे नियम आहेत. जून ते सप्टेंबर पाऊस सलग असतो, पश्चिमेला राधानगरी-गगनबावड्याकडे तर काय विचारू नकोस, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी द्यायच्या तयारीइतकीच पावसाळ्यात पाणी काढून द्यायची तयारी लागते. शहराच्या खालच्या भागात पंचगंगेचं पाणी येतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, 2019 आणि 2021 ला नदी त्याच्या कितीतरी वर गेली होती. पुराचं पाणी ओसरल्यावर बागेत पहिल्यांदा करायचं काम म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती साठलेला गाळ काढणं. लोक म्हणतात पोयटा आलाय, सुपीक आहे, राहू दे. पण तो चिकट थर बसला की मुळांना हवा मिळत नाही, आणि झाड लगेच मरत नाही, पुढच्या उन्हाळ्यात वाळतं, तोवर पूर विसरलेला असतो आणि वाळायचं कारण कुणाला सापडत नाही. गाळ काढून बाजूला ढीग करायचा, वाळल्यावर पालापाचोळ्याच्या खतात मिसळून वापरायचा, आणि झाडाला नवीन पालवी फुटल्याशिवाय रासायनिक खत द्यायचं नाही.

सीझनल फुलांचं कॅलेंडर पण इथलं इथे शिकायचं. पुण्याच्या तारखा बघून रोपं टाकली तर आपल्या सप्टेंबरच्या पावसात ती कुजतात, म्हणून पिटुनिया, डायन्थस, अ‍ॅस्टर, सॅल्व्हिया यांची रोपं शेडखाली उंच वाफ्यावर किंवा ट्रेमध्ये करायची आणि पाऊस उघडल्यावर बाहेर लावायची. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, दसरा-कोजागरीच्या सुमारास, आणि छाटणीपासून फूल यायला साधारण 45 ते 50 दिवस धर, थंडी लवकर आली तर थोडे जास्त. प्रदर्शनं आपल्याकडे साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात, तर तारीख कळली की उलटं मोजत यायचं, आणि सगळी झाडं एकाच दिवशी छाटायची नाहीत, चार-चार दिवसांच्या अंतरानं तीन हप्त्यांत छाटायची म्हणजे एखादा हप्ता तरी नेमका लागतो.

शेवंतीचं एक सांगते कारण हे बऱ्याच हुशार लोकांनाही माहीत नसतं. एका रोपवाटिकेत शेवंतीच्या कुंड्यांची एक ओळ दिवाळी होऊन गेली तरी कळीवर येईना, नुसती हिरवीगार आणि उंच, बाकीच्या ओळींना फुलं. माती तीच, खत तेच. फरक एकच, त्या ओळीवर रस्त्याचा नवीन दिवा पडत होता. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते, रात्री उजेड पडला की झाड समजतं अजून उन्हाळाच आहे आणि नुसती पानं काढत राहतं. पॉइनसेटियाचंही असंच. कुंड्या दहा पावलं मागे भिंतीच्या सावलीत नेल्या आणि कळ्या आल्या, उशिरा आल्या पण आल्या. आता शहरभर एलईडी दिवे लागलेत, तर गॅलरीतली शेवंती फुलत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, रात्री तिथे उजेड पडतो का.

झाडांबद्दल थोडं, कारण बागखात्यात खरी जबाबदारी झाडांची असते, फुलं तर चार महिन्यांत बदलता येतात. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतात, आणि उद्यान विभागातल्या माणसावर बहुतेक वेळा हे काम येतंच. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज ट्री म्हणून वेगळं संरक्षण मिळालं, आणि झाड तोडायला परवानगी दिली तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अट आली. तुझ्यावर नगरसेवकाचा, बिल्डरचा, शेजाऱ्याचा, सगळ्यांचा दबाव येणार आणि सगळे तोंडी बोलणार. तू मात्र प्रत्येक गोष्ट लेखी कर, फोटो लाव, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर टेपनं मोजून लिही. पावसाळ्याआधी जी छाटणी होते तिच्यावर स्वतः उभा राहा. विजेच्या तारांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या कापून टाकल्या आणि दुसरी बाजू तशीच ठेवली की झाडाचा तोल जातो आणि पहिल्याच वादळात ते जड बाजूला पडतं, मग म्हणतात झाड धोकादायक होतं. मोठी फांदी तीन कापांत काढायची: आधी बुंध्यापासून हात-दीड हात अंतरावर खालून एक काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदीचं वजन काढायचं, आणि उरलेलं खुंट शेवटी बुंध्याजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून. तो फुगवटा कापायचा नाही, जखम तिथूनच भरते. बुंध्याला लागून सपाट कापलेलं दिसलं की मला आजही वाईट वाटतं, कारण ती कूज आत किती खोल जाणार हे कुणाला दिसणार नसतं.

आणि काय लावायचं यावर तुझं स्वतःचं मत असू दे. बंगळुरूच्या लालबागेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्टाव्ह क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले, लंडनच्या क्यू गार्डनला आणि बडोद्याला काम करून आलेले. शहरात वर्षभर कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर फुललेलं झाड असलं पाहिजे अशा हिशोबानं त्यांनी झाडांच्या जाती निवडल्या. आपल्याकडे हे देशी झाडांवर सुद्धा करता येतं, पांगारा, काटेसावर आणि पळस हिवाळा सरताना, मग बहावा, मग आपलं राज्यफूल ताम्हण उन्हाळाभर, पावसाळ्यात कदंब, ऑक्टोबरात सप्तपर्णी. गुलमोहर सुंदर दिसतो, नाही म्हणत नाही, पण मुळं वरवरची आणि फांदी ठिसूळ, रस्त्याच्या कडेला आणि शाळेच्या गेटवर तो नको हे माझं पक्कं मत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कॅम्पसला सवड काढून जा, तिथल्या वनस्पतीशास्त्र विभागाची बाग बघ, सह्याद्रीतली कंदीलपुष्पं तिथे जपलीत. सार्वजनिक बागेनं नुसतं शोभेचं काम न करता आपल्या भागातली झाडं सांभाळून ठेवावीत हे कागदावर वाचण्यापेक्षा तिथे उभं राहून जास्त समजतं.

आता जजिंग. जज होण्याची कुठली एक परीक्षा नाही. रस्ता साधारण असा असतो की आधी स्वतः प्रदर्शनात भाग घ्यायचा, मग आयोजकांकडे स्टुअर्ड म्हणून काम करायचं, म्हणजे जजच्या मागे वही घेऊन फिरायचं, नंबर लिहायचे, चिठ्ठ्या लावायच्या. यात जे शिकायला मिळतं ते कुठल्या कोर्समध्ये नाही, कारण जज आपापसात काय बोलतात ते फक्त स्टुअर्डला ऐकू येतं. कोल्हापुरात गार्डन्स क्लब आहे, त्यांचं पुष्पप्रदर्शन असतं, पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत मोठं प्रदर्शन भरतं, ते भरवणारी संस्था 1830 सालची आहे, लालबागेत तर प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला, वर्षातून दोनदा. यातलं किमान एक प्रदर्शन असं बघ की जजिंग व्हायच्या आधी सकाळी तू स्वतः नंबर काढायचे, वहीत कारण लिहायचं आणि दुपारी निकालाशी लावून बघायचं. जिथे तुझा आणि जजचा फरक पडला तिथे परत जाऊन उभं राहायचं आणि जजला काय दिसलं असेल ते शोधायचं.

जजिंगचा पहिला नियम रटाळ वाटतो पण तोच सगळ्यात जास्त वाद टाळतो: वर्गवारीचा कागद नीट वाचायचा. "सहा फुलं, एकाच जातीची" असं लिहिलं असेल आणि टेबलावर सात असतील तर ती एंट्री बाद, फुलं कितीही देखणी असू देत. लोक रडकुंडीला येतात, मला पण वाईट वाटतं, पण शेजारी ज्यानं सहाच लावलीत त्याच्यावर अन्याय करून दयाळूपणा दाखवायचा नसतो.

जज नेमकं काय बघतात हे विचारलंस, तर गुलाबाला मार्क कसे देतात ते सांगते. अमेरिकन रोझ सोसायटीची पद्धत समजून घ्यायला चांगली आहे, 100 पैकी फुलाच्या घडणीला 25, रंगाला 20, दांडा आणि पानांना 20, पाकळीच्या दमदारपणाला 15, तोलाला 10 आणि आकारमानाला 10. नवीन माणूस बघतो फक्त साइझ, आणि साइझला मार्क आहेत दहा. हायब्रिड टी गुलाब (लांब दांड्यावर एकच मोठं फूल येणारा) अर्धा ते पाऊण उमललेला, मध्यभाग उंच आणि घट्ट, पाकळ्या चहूबाजूंनी सारख्या सुटलेल्या असा पाहिजे. मोठ्ठं फूल असेल पण मध्ये दोन केंद्रं पडली असतील, पानावर भुरीचा पांढुरका थर असेल, तर ते मागे जातं. आणि पानांचे 20 मार्क हेच बघ ना, पान हे त्या झाडाचं वर्षभराचं रेकॉर्ड असतं, फूल आठवड्याचं.

कुंड्यांच्या वर्गात मी काय करते ते सांगते. बऱ्याच स्पर्धांत अट असते की झाड स्पर्धकाकडे ठरावीक महिने वाढलेलं पाहिजे. टेबलावर दोन कुंड्या शेजारी शेजारी आहेत, दोन्ही फुलांनी भरलेल्या. मी आधी कुंडीच्या वरच्या मातीत बोट घालते. कडेला काळी भुसभुशीत माती आणि मध्ये बोटाला तांबडा, घट्ट, थोडा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेला गोळा लागला की समजायचं हा नर्सरीच्या पिशवीतला गड्डा आहे, नुकताच कुंडीत बसवलाय. मग कुंडी थोडी वाकवून खालचं भोक बघायचं, जुन्या झाडाची मुळं तिथपर्यंत आलेली असतात, कधी बाहेर डोकावतात. मातीवर शेवाळाचा पुसट थर आहे का, पूर्वी तोडलेल्या फुलांचे वाळलेले डेख आहेत का, खालची पानं काढल्याच्या खुणा जुन्या आहेत का ताज्या, आणि झाड एका बाजूला झुकलंय का, कारण रोज कुंडी फिरवणाऱ्याचं झाड सरळ असतं, न फिरवणाऱ्याचं खिडकीकडे. या सगळ्याला मिनिटभर लागतं. यात कुणाला पकडायचा आनंद नसावा, माझा हेतू एवढाच की ज्या बाईनं सहा महिने ते झाड सांभाळलंय तिचे मार्क कालच्या खरेदीला जाऊ नयेत.

घरच्या बागांची स्पर्धा अजून अवघड, कारण तिथे मालक बरोबर फिरतो, चहा-पोहे करतो, आणि सगळं त्याच दिवसासाठी आवरलेलं असतं. चहा मी सगळी बाग बघून झाल्यावर आणि मार्क लिहून झाल्यावर घेते, आधी नाही. प्रत्येक घरी सारखाच वेळ देते, नागाळा पार्कातला मोठा बंगला असो नाहीतर शिवाजी पेठेतली गच्ची, आणि पुढच्या अंगणापेक्षा मागचं अंगण आधी बघायला मागते. तिथे खताचा खड्डा आहे का, त्यातला पाला कुठल्या टप्प्यावर आहे, अवजारं गंजलेली आहेत का पुसून ठेवलेली, सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार आहे का, रिकाम्या कुंड्यांत पाणी साठून डासांच्या अळ्या झाल्यात का. मग एक प्रश्न विचारते, या बागेतलं कुठलं झाड तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देतं? ज्यानं स्वतः बाग केलीय तो अर्धा तास बोलतो, मिलीबग (पिठ्या ढेकूण) कुठून आला, काय काय मारून बघितलं, शेवटी कशानं गेला. ज्यानं माळी ठेवून करून घेतलीय तो माळ्याकडे बघतो. माळी ठेवणं चूक नाही, पण मग तो वर्ग वेगळा असावा आणि बक्षीस घ्यायला माळ्यालाही स्टेजवर बोलवावं, हा माझा आयोजकांकडे कायमचा आग्रह असतो आणि दोन-तीन ठिकाणी तो मानला गेलाय.

शाळांच्या बागा, सोसायट्या, चौकातली आयलंड, सार्वजनिक बागा यांचं जजिंग करायचं असेल तर ब्रिटनची एक पद्धत माहीत असू दे. तिथे 1960 च्या दशकापासून 'ब्रिटन इन ब्लूम' नावाची शहरा-गावांची स्पर्धा चालते, 2002 पासून ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी बघते. त्यात नुसती फुलं बघत नाहीत, बागकाम, पर्यावरण आणि लोकांचा सहभाग अशा तिन्ही अंगांनी बघतात. आपल्या बागांनाही हे लावून बघ. आपल्याकडे गणपतीत टनावारी निर्माल्य गोळा होतं, त्याचं खत कुठल्या बागेत जातं? पाला जाळतात का कुजवतात? झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक घट्ट बसवलेत का? (दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली झाडाभोवतीची मीटरभर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितली होती, आपल्याकडे लोकांना हे वाचून दाखवावं लागतं.) रंकाळ्याच्या कडेला संध्याकाळी किंवा महावीर गार्डनला सकाळी एक चक्कर मार आणि लोक कुठे बसतात ते बघ. बाक सावलीत आहे का उन्हात, वयस्कर माणसाला धरून उठायला बाकाला हात आहे का, पोरं जिथे पळतात तिथे काटेरी झाड लावलंय का, बाईमाणसाला अंधार पडल्यावर तिथून चालत जायला भीती वाटेल इतकी झुडपं वाढलीत का. सार्वजनिक बागेचं जजिंग करताना हे सगळं मी लॉनच्या रंगाच्या आधी लिहिते.

एक अवघड गोष्ट राहिली. कधी कधी एखाद्या वर्गात पहिल्या नंबराच्या लायकीचं काहीच नसतं. आपल्याकडे आयोजक म्हणतात मॅडम कुणाला तरी द्या, कप आणलेत, पाहुणे आलेत. मी अशा वेळी दुसरा आणि तिसरा देते, पहिला मोकळा ठेवते. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये 1913 पासून एवढी बागायतदार मंडळी येतात, तिथल्या पदकांची पद्धत अशी आहे की एक्झिबिट दुसऱ्याशी तुलना करून नाही तर ठरलेल्या दर्जाशी ताडून बघायचं, म्हणून एका वर्षी कितीही जणांना गोल्ड मिळू शकतं, आणि दर्जा नसेल तर गोल्ड न देता खालचं पदक देतात. एका गावात मी पहिला नंबर रिकामा ठेवला त्यावर बराच गोंधळ झाला, एक स्पर्धक तर थेट म्हणाले तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला इथलं काय कळतंय. मी त्यांना त्यांच्याच कुंडीपाशी घेऊन गेले, पान उलटं करून लाल कोळी ही बारीक कीड दाखवली, बारीक जाळी दाखवली, पाण्याचा फवारा पानाच्या खालून कसा मारायचा ते सांगितलं. चिडूनच गेले. पण पुढच्या वर्षी त्यांनी आणलेल्या कुंडीची पानं खालून पण स्वच्छ होती आणि पहिला नंबर त्यांनाच गेला, त्या वर्षी जज मी नव्हते. म्हणून सांगते, मार्कांच्या कागदावर प्रत्येकासाठी एक ओळ तरी कारण लिहायचं. नुसता आकडा दिला तर स्पर्धक पुढच्या वर्षी आणखी कुंड्या विकत आणतो, कारण दिलं तर बाग सुधारतो.

बक्षीस देणाऱ्या स्पॉन्सरच्या ओळखीतलं कुणी स्पर्धेत असेल, किंवा तुझ्या नात्यातलं, तुझ्या नर्सरीचं गिऱ्हाईक, तर त्या वर्गातून आधीच बाजूला व्हायचं आणि हे मोठ्यानं सांगायचं. कोल्हापूर छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे इथे याला जास्तच महत्त्व आहे.

मानधनाचं विचारशील तर जाण्या-येण्याचा खर्च, शाल-श्रीफळ, कधी एखादं रोप, त्यापलीकडे फारसं काही नाही. पोटासाठी नोकरी, जजिंग आवडीसाठी, असंच धरून चाल. घरच्यांना हेही सांग की बँकेच्या परीक्षेचा अभ्यास आणि सरळसेवेचा अभ्यास यात गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी हे बऱ्यापैकी सारखंच असतं, तर एक वर्ष दोन्हीची तयारी एकत्र करता येते, भांडण करायची गरज नाही.

या वर्षात करायची कामं सांगते. एक साधी वही घे आणि कागल ते कोल्हापूर रस्त्यावरचं कुठलं झाड कधी फुललं, कधी पानं गाळली, ते तारखेनिशी लिहीत जा, नोकरीत लागल्यावर ही वही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येते. सिकेटर चांगल्यातलं घे, एकदाच घे, आणि धार स्वतः लावायला शिक. गुलाबाची किमान पाच झाडं स्वतःच्या हातानं छाट, कलमासाठी डोळा भरायला शिक. जवळच्या एखाद्या सार्वजनिक बागेच्या मुकादमाला भेटून सकाळच्या हजेरीच्या वेळेला उभं राहायची परवानगी माग, बहुतेक लोक आनंदानं देतात कारण त्यांना कुणी कधी काही विचारायला येतच नाही. आणि दिवाळी झाली की प्रदर्शनाच्या आयोजकांना फोन करून स्टुअर्ड म्हणून नाव दे, त्यांना त्या दिवसांत माणसं कमीच पडत असतात. येताना स्वतःची वही, दोन पेनं आणि हात पुसायला फडकं आण, मातीचे हात घेऊन निकालाच्या कागदाला हात लावलेला मला चालत नाही.